अमेरिकेतील शस्त्रहक्काचा वाद आणि घरातल्या बंदुकीचे कुलूप

डेन्व्हरवासी (धागाकर्ती)

नमस्कार. अमेरिकेत एखाद्या शाळेत किंवा बाजारात गोळीबार झाला की आपल्या मराठी मंडळींतही चर्चा पेटते. एक बाजू म्हणते की सगळ्या बंदुका काढून घ्या, दुसरी म्हणते की हा घटनेने दिलेला हक्क आहे, आणि चार दिवसांत सगळे आपापल्या कामाला लागतात. असा धागा घटनेच्या दुसऱ्या दिवशी निघाला की त्यात विचारापेक्षा संतापच जास्त उमटतो, म्हणून तो मी मुद्दाम निवांत वेळी काढते आहे.

मी कोलोराडोत राहते. कोलंबाइन (१९९९), ऑरोरा (२०१२) आणि बोल्डर (२०२१) ही तिन्ही नावे इथे कोणाला समजावून सांगावी लागत नाहीत. तरीही मला आज सामूहिक हत्याकांडांविषयी लिहायचे नाही. अमेरिकेत बंदुकीने होणाऱ्या मृत्यूंचा निम्म्याहून मोठा भाग या वादात जवळजवळ कोणी उच्चारत नाही. तो भाग म्हणजे आत्महत्या. सीडीसी या अमेरिकी सरकारच्या आरोग्य संस्थेच्या नोंदींनुसार २०२१ मध्ये अमेरिकेत बंदुकीने ४८,८३० माणसे मरण पावली. त्यांतल्या २६,३२८ आत्महत्या होत्या आणि २०,९५८ हत्या होत्या. त्यानंतर हत्या कमी होत गेल्या, आत्महत्या मात्र कमी झाल्या नाहीत. २०२३ मधल्या सुमारे ४६,७०० मृत्यूंपैकी २७,००० हून अधिक आत्महत्या होत्या. सामूहिक गोळीबाराची कोणतीही व्याख्या घेतली तरी या बेरजेत त्याचा वाटा फार लहान आहे. वर्तमानपत्रांचा मथळा आणि संसदेतले भाषण मात्र त्याच्याभोवतीच फिरते.

आधी कायद्याची बाजू थोडक्यात सांगते. दुसरी घटनादुरुस्ती १७९१ साली मंजूर झाली. तिच्या एकाच वाक्यात सुनियंत्रित नागरी सैन्यदलाचाही उल्लेख आहे आणि शस्त्र बाळगण्याच्या जनतेच्या हक्काचाही. हा हक्क त्या सैन्यदलापुरता आहे की प्रत्येक व्यक्तीचा आहे, यावर दोनशे वर्षे मतभेद राहिले. २००८ मध्ये हेलर खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने पाच विरुद्ध चार मतांनी तो व्यक्तीचा हक्क ठरवला आणि स्वतःच्या घरात स्वसंरक्षणासाठी पिस्तूल ठेवणे हा त्याचा गाभा असल्याचे सांगितले. २०१० च्या मॅक्डोनल्ड निकालाने तो राज्यांवरही बंधनकारक झाला. २०२२ च्या ब्रूएन निकालाने दोन गोष्टी केल्या. घराबाहेर पिस्तूल बाळगण्यासाठी विशेष कारण दाखवण्याची न्यूयॉर्क राज्याची अट रद्द झाली, आणि यापुढे कोणताही शस्त्रनियम टिकायचा असेल तर तो देशाच्या ऐतिहासिक परंपरेत बसतो हे सरकारने सिद्ध करावे, अशी कसोटी आली. म्हणजे आजच्या नियमासाठी अठराव्या-एकोणिसाव्या शतकातला दाखला शोधायचा. या कसोटीने खालच्या न्यायालयांत इतका गोंधळ माजला, की २०२४ च्या रहिमी खटल्यात सर्वोच्च न्यायालयालाच थोडे मागे यावे लागले. इतरांच्या जिवाला स्पष्ट धोका असल्याचे न्यायालयाने ठरवलेल्या माणसाकडून तात्पुरते शस्त्र काढून घेणे घटनेत बसते, असा निर्णय आठ विरुद्ध एक अशा मतांनी झाला.

हा हक्क आवडो वा न आवडो, तो आता आहे आणि आपल्या हयातीत तो जाईल असे मला वाटत नाही. देशात नागरिकांकडच्या बंदुकांची संख्या माणसांच्या संख्येहून जास्त आहे. स्मॉल आर्म्स सर्व्हे या संस्थेने २०१८ मध्ये दिलेला अंदाज ३९ कोटींच्या पुढचा होता. ऑस्ट्रेलियाने १९९६ च्या पोर्ट आर्थर हत्याकांडानंतर साडेसहा लाखांच्या आसपास बंदुका परत विकत घेतल्या, हे उदाहरण इथे वारंवार दिले जाते. पण ऑस्ट्रेलियाच्या घटनेत असा हक्क नव्हता आणि बंदुकाही इतक्या नव्हत्या. त्यामुळे "सगळ्या परत घ्या" हे मला धोरण वाटत नाही. तो मनातला उद्वेग आहे.

मला मांडायचा मुद्दा असा आहे. वादाची सारी शक्ती बंदुकीचा कोणता प्रकार चालेल आणि ती रस्त्यावर कोणी न्यावी या दोन प्रश्नांवर खर्च होते. जीव वाचवण्याची सर्वांत मोठी संधी मात्र वेळ आणि अंतर या दोन गोष्टींत आहे. संकटाच्या क्षणी माणूस आणि बंदूक यांच्यामध्ये काही तास किंवा एखादे कुलूप उभे राहू शकते का, हा तो प्रश्न आहे. बंदुकीने केलेला आत्महत्येचा प्रयत्न दहापैकी जवळजवळ नऊ वेळा प्राणघातक ठरतो. इतर बहुतेक मार्गांत वाचण्याची शक्यता पुष्कळ असते, आणि गंभीर प्रयत्नातून वाचलेली बहुसंख्य माणसे पुढे आत्महत्येने मरत नाहीत. म्हणजे तो क्षण टळला तर बहुतेकदा माणूस वाचतो. इस्रायली सैन्याने २००६ मध्ये सैनिकांनी आठवड्याच्या सुट्टीला घरी जाताना रायफल तळावरच ठेवावी असा नियम केला. त्यानंतर तिथल्या तरुण सैनिकांच्या आत्महत्या सुमारे ४० टक्क्यांनी घटल्या, आणि ही घट मुख्यतः सुट्टीच्या दिवसांतली होती. कोणाचेही शस्त्र कायमचे काढून घेतलेले नव्हते.

कोलोराडोत ऑक्टोबर २०२३ पासून बंदूक विकत घेतल्यावर ती हातात पडण्याआधी किमान तीन दिवस थांबावे लागते. कॅलिफोर्नियात हाच काळ दहा दिवसांचा आहे, तर संघराज्याच्या पातळीवर असा काहीच नियम नाही. २०२१ पासून इथे लहान मुलांच्या हाती लागेल अशी बंदूक उघडी ठेवणे हा गुन्हा आहे. वॉशिंग्टन, युटा आणि व्हर्जिनिया या राज्यांनी याहूनही वेगळी वाट काढली आहे. तिथे माणूस स्वतःहून आपले नाव अशा यादीत घालू शकतो, की पुढे दुकानदाराने त्याला बंदूक विकू नये, आणि नंतर ठरावीक काळाने ते काढूनही घेऊ शकतो. आपल्या वाईट दिवसांची ज्याला जाण आहे, तो चांगल्या दिवशी स्वतःसाठी दार लावून घेतो. यात हक्काचा संकोच कोठे होतो, हे मला या हक्काचे समर्थन करणाऱ्यांकडून समजून घ्यायचे आहे. इथे बंदूक बाळगणारे मराठी लोकही आहेत, त्यांनी जरूर लिहावे.

ह्यूस्टनकर

डेन्व्हरवासीताई, तुम्ही विचारले आहे म्हणून सविस्तर लिहितो. मी अमेरिकेचा नागरिक आहे आणि माझ्या घरी दोन बंदुका आहेत. त्या कपाटात वरच्या फळीवर पडलेल्या नसतात. पलंगाशेजारी भिंतीला पक्क्या बसवलेल्या, बोटाच्या ठशाने उघडणाऱ्या छोट्या तिजोरीत असतात. गोळ्या वेगळ्या पेटीत आहेत आणि मुलाला ती पेटी कोठे आहे हेही ठाऊक नाही. म्हणजे तुम्ही ज्याची मागणी करत आहात ते मी कायद्याने सांगितल्याशिवाय करतो, आणि माझ्या ओळखीचे बहुतेक जबाबदार बंदूकधारक करतात.

मी बंदूक का घेतली, हे आधी सांगायला हवे. तुमच्याच राज्यातल्या कॅसल रॉक गावातला खटला तुम्हाला माहीत असेल. एका आईकडे नवऱ्याविरुद्ध न्यायालयाचा मनाई हुकूम होता. तो तिन्ही मुलींना घेऊन गेला. ती रात्रभर पोलिसांना विनवत राहिली आणि पहाटेपर्यंत तिन्ही मुली मारल्या गेल्या होत्या. २००५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की मनाई हुकमाची अंमलबजावणी पोलिसांकडून करवून घेण्याचा घटनात्मक हक्क त्या आईला नव्हता. टेक्सासमधल्या युवाल्डेच्या शाळेत २०२२ साली १९ मुले आणि दोन शिक्षिका मारल्या गेल्या, तेव्हा पावणेचारशेच्या आसपास सशस्त्र अधिकारी तिथे पोचले होते आणि ७७ मिनिटे तो वर्ग मोकळा करण्यात आला नव्हता. राज्य माझे रक्षण करण्यास कायद्याने बांधलेले नसेल, तर स्वसंरक्षणाचे साधन बाळगण्यावर त्याच राज्याने अटी वाढवत जाव्यात हे मला पटत नाही. हार्वे वादळात आमच्या भागात पाणी भरले, तेव्हा कोणतीही मदत पोचायला किती वेळ लागू शकतो हे आम्ही सर्वांनी अनुभवले आहे.

तीन दिवस थांबण्याचा नियम तुम्हाला निरुपद्रवी वाटतो. ज्या बाईला आज संध्याकाळी जिवाची धमकी आली आहे, तिला ते तीन दिवस कोण देणार? कुलपाच्या सक्तीचेही तसेच आहे. हेलर खटल्यात वॉशिंग्टन शहराचा पिस्तूलबंदीचा नियम जसा रद्द झाला, तसाच घरातली बंदूक सुटी करून किंवा चापाला कुलूप लावूनच ठेवण्याचा नियमही रद्द झाला. कारण उघड आहे: दार फोडून कोणी आत आला तर किल्ली शोधत बसण्याची मुभा नसते.

स्वतःहून नाव घालण्याच्या यादीला मात्र माझा पूर्ण पाठिंबा आहे. त्यात सरकार माझ्याविषयी निर्णय घेत नाही, मीच माझ्याविषयी घेतो.

कायदाअभ्यासक

हेलर निकालाचा संदर्भ आला आहे म्हणून एक दुरुस्ती सुचवते. वॉशिंग्टन शहराचा तो नियम घरात सदासर्वकाळ लागू होता, त्यात स्वसंरक्षणासाठी सवलत नव्हती, म्हणून तो टिकला नाही. सॅन फ्रान्सिस्कोचा नियम वेगळा होता. पिस्तूल अंगावर असेल तर कुलपाची गरज नाही. अंगावर नसेल तेव्हा ते बंद पेटीत किंवा चापाला कुलूप लावून ठेवायचे. हा नियम २०१४ मध्ये नवव्या परिमंडळाच्या अपील न्यायालयाने उचलून धरला आणि सर्वोच्च न्यायालयाने त्याविरुद्धचे अपील ऐकण्यास नकार दिला. त्यामुळे कुलपाची प्रत्येक सक्ती घटनाबाह्य आहे असे म्हणता येणार नाही. अर्थात तो निकाल ब्रूएनच्या आधीचा आहे आणि नव्या कसोटीवर त्याची परीक्षा वेगळी होऊ शकते.

दुसरे असे, की हेलर निकालातच न्यायमूर्ती स्कालिया यांनी हा हक्क अमर्याद नसल्याचे स्पष्ट लिहिले आहे. गुन्हेगारांना बंदी, शाळांसारख्या संवेदनशील जागी बंदी आणि विक्रीवरच्या अटी यांना त्यांनी हात लावला नव्हता. दोन्ही बाजूंचे लोक हा परिच्छेद सोयीने विसरतात. नियंत्रणाची बाजू म्हणते की न्यायालयाने सारे दरवाजे बंद केले, आणि हक्काची बाजू म्हणते की कोणताही नियम म्हणजे अतिक्रमण.

जुनी_पाने

या चर्चेत वंशाचा इतिहास आल्याशिवाय चित्र पुरे होणार नाही, कारण "नियंत्रण म्हणजे पुरोगामी, हक्क म्हणजे प्रतिगामी" ही आपली सोपी विभागणी त्या इतिहासापुढे टिकत नाही.

यादवी युद्धानंतर दक्षिणेतल्या राज्यांनी मुक्त झालेल्या कृष्णवर्णीयांना शस्त्रे बाळगता येऊ नयेत असे कायदे केले. १९५६ मध्ये माँटगोमेरीत मार्टिन ल्यूथर किंग यांच्या घरावर बाँब टाकला गेला. त्यानंतर त्यांनी पिस्तूल बाळगण्याच्या परवान्यासाठी अर्ज केला आणि तो नाकारला गेला. परवाना द्यायचा की नाही हे स्थानिक अधिकाऱ्याच्या मर्जीवर असले की मर्जी कोणावर होते, हे यातून कळते. १९६७ मध्ये ब्लॅक पँथर्स या कृष्णवर्णीयांच्या संघटनेचे कार्यकर्ते कॅलिफोर्नियात उघडपणे बंदुका घेऊन पोलिसांवर नजर ठेवू लागले, तेव्हा भरलेली बंदूक सार्वजनिक जागी नेण्यावर बंदी घालणारा कायदा झाला. त्यावर सही करणारे राज्यपाल होते रोनाल्ड रेगन. ब्रूएन खटल्यात न्यूयॉर्कच्या नियमाविरुद्ध बोलणाऱ्यांत गरीब आरोपींची बाजू लढवणारे सरकारी खर्चाचे वकीलही होते. त्यांचे म्हणणे होते की परवाना नसल्याबद्दल तुरुंगात जाणारे त्यांचे अशील जवळजवळ सगळे कृष्णवर्णीय किंवा लॅटिनो असतात, आणि श्रीमंत वस्तीतल्या माणसाला तोच परवाना मिळतो.

नियंत्रणाच्या बाजूचा असूनही मी हे लिहितो आहे. २०१२ मध्ये विस्कॉन्सिनच्या ओक क्रीक गुरुद्वारात आणि २०१७ मध्ये कॅन्ससच्या ओलेथमध्ये भारतीय माणसे द्वेषापोटी गोळ्यांना बळी पडली, तेव्हा आपल्या समाजातही दोन प्रतिक्रिया उमटल्या. काहींनी प्रथमच बंदूक घ्यावी का असा विचार केला आणि काहींनी नियंत्रणाच्या मागणीला जोर दिला. दोन्हींच्या मुळाशी तीच भीती होती. म्हणून नियम कोणता असावा यासोबत तो कोणाच्या हाती आणि कोणाविरुद्ध वापरला जाईल, हेही प्रत्येक वेळी विचारले पाहिजे. अधिकाऱ्याच्या मर्जीवर न चालणारा, सर्वांना सारखा लागू होणारा नियम, उदाहरणार्थ प्रत्येक खरेदीदारासाठी तीन दिवस, या दृष्टीने परवान्यापेक्षा अधिक न्याय्य आहे.

तळकोकण

हाच प्रश्न आपल्या संविधानसभेपुढे थेट आला होता, हे इथे नोंदवावेसे वाटते. १८५७ नंतर ब्रिटिशांनी भारतीयांना नि:शस्त्र केले आणि १८७८ च्या शस्त्र कायद्यात युरोपीय लोकांना सूट ठेवली. स्वातंत्र्य चळवळीला हा अपमान इतका झोंबत होता, की गांधीजींनीही तो कायदा ब्रिटिश राजवटीच्या सर्वांत काळ्या कृत्यांत गणला. १९३१ च्या कराची काँग्रेसच्या मूलभूत हक्कांच्या ठरावात नियमांच्या अधीन राहून शस्त्र बाळगण्याचा हक्क घातलेला होता. त्याच धाग्याने डिसेंबर १९४८ मध्ये ह. वि. कामथ यांनी हा हक्क संविधानात घालण्याची दुरुस्ती मांडली.

डॉ. आंबेडकरांनी ती नाकारली. त्यांचे म्हणणे असे होते, की परकीय सत्तेने सगळ्या प्रजेला नि:शस्त्र करणे वेगळे आणि स्वतंत्र देशाने शस्त्रांचे नियमन करणे वेगळे. कोणीही बाजारात जाऊन हवे ते शस्त्र बिनदिक्कत विकत घेऊ लागला तर राज्यकारभार चालणार कसा, असा त्यांचा प्रश्न होता. शस्त्र धरण्याच्या हक्काऐवजी, देशावर संकट आल्यास शस्त्र धरण्याच्या नागरिकाच्या कर्तव्यावर त्यांनी भर दिला. त्यामुळे आपल्या अनुच्छेद १९ मध्ये एकत्र जमण्याचा हक्क आहे तो "शांततेने आणि विनाशस्त्र". भारतात बंदूक ही १९५९ च्या कायद्याखालची परवान्याची गोष्ट राहिली, आणि २०१९ च्या दुरुस्तीने एका परवानाधारकाला तीनऐवजी दोनच बंदुकांची मर्यादा घातली.

आमच्या सिंधुदुर्गात हा विषय वेगळ्याच रूपात भेटतो. इथे शेती संरक्षणासाठीचे परवाने पिढ्यान्‌पिढ्या घरात आहेत. बंदूक बहुधा एकनळी किंवा ठासणीची असते. भातात रानडुकरे उतरली किंवा बागेत माकडे शिरली तर बार काढून ती पिटाळायची, एवढाच तिचा उपयोग. कारण वन्यप्राण्याला मारायला वन्यजीव कायदा आडवा येतो. निवडणूक लागली की बंदुका पोलीस ठाण्यात जमा करण्याची नोटीस येते. सरसकट सगळ्यांच्या बंदुका न घेता छाननी समितीने एकेक प्रकरण पाहून ठरवावे असे निवडणूक आयोगाचे निर्देश आहेत. ते प्रत्यक्षात कितपत पाळले जातात, हा कोकणातल्या शेतकऱ्याच्या रोजच्या बोलण्यातला विषय आहे. हातात हक्क नसून केवळ परवाना असला, की तुमच्या गरजेला वजन देणे सर्वस्वी अधिकाऱ्यावर अवलंबून राहते. बाबासाहेबांचा निर्णय मला योग्यच वाटतो, पण परवाना पद्धतीत सामान्य माणसाची दाद कोणी घ्यायची हा प्रश्न त्याने सुटत नाही. जुनी_पाने यांनी जे न्यूयॉर्कविषयी लिहिले, ते मला इथे बसून अगदी ओळखीचे वाटले.

विदर्भातला_डॉक्टर

साधन दूर ठेवले तर माणूस दुसरे साधन शोधेलच, असा आक्षेप या चर्चेत कोणीतरी घेईल असे वाटले होते. अजून घेतलेला नाही, तरी उत्तर देऊन ठेवतो, कारण आमच्या भागात हाच प्रश्न कीटकनाशकांच्या रूपाने समोर असतो. श्रीलंकेने १९९० च्या दशकापासून सर्वांत विषारी कीटकनाशकांवर टप्प्याटप्प्याने बंदी घातली आणि पुढच्या दोन दशकांत तिथला आत्महत्येचा दर सुमारे ७० टक्क्यांनी खाली आला. शेती बुडाली नाही, उत्पादन घटले नाही. लोकांच्या दुःखाची कारणे संपली होती असेही नाही. फक्त आवेगाच्या घटकेला हाताशी येणारी वस्तू पूर्वीइतकी प्राणघातक उरली नव्हती. प्रयत्न करून वाचलेला रुग्ण दुसऱ्या दिवशी खाटेवर बसून घरच्यांना बोलवा म्हणतो, हे अतिदक्षता विभागात काम केलेल्या प्रत्येकाने पाहिलेले असते.

ह्यूस्टनकर यांची तिजोरी त्यांच्या मुलासाठी उत्तम आहे. पण ती त्यांच्या बोटाच्या ठशाने उघडते. घरातल्या प्रौढ माणसावर वाईट वेळ आली तर ती तिजोरी काही काळ दुसऱ्याच्या घरी असावी, एवढी व्यवस्था प्रत्येक बंदूकधारकाने मित्राशी बोलून आधीच ठरवलेली असावी असे मला वैद्यकीय दृष्टीने सुचवावेसे वाटते. आणि हे वाचणाऱ्यांपैकी कोणी आज त्या अवस्थेत असेल, तर अमेरिकेत ९८८ आणि भारतात १४४१६ (टेलिमानस) या क्रमांकांवर चोवीस तास बोलता येते.

नवा_सभासद

मी एच-वन-बी व्हिसावर टेक्सासमध्ये आलो आहे. इथे सप्टेंबर २०२१ पासून परवान्याशिवाय पिस्तूल बाळगता येते असे सहकारी सांगतात. आम्हाला हा हक्क आहे का?

ह्यूस्टनकर

नाही, आणि कृपया कोणाच्या ऐकीव माहितीवर काही करू नका. राज्याचा कायदा काहीही असला, तरी संघराज्याच्या कायद्यानुसार तात्पुरत्या व्हिसावरच्या व्यक्तीने बंदूक किंवा गोळ्या बाळगणे हा साधारणतः गंभीर गुन्हा आहे. वैध शिकारी परवाना असणे यासारखे थोडे अपवाद आहेत, पण इमिग्रेशन वकिलाचा सल्ला घेतल्याशिवाय त्या वाटेला जाऊ नये. ग्रीन कार्ड मिळाल्यावर खरेदी करता येते. दुकानात ४४७३ क्रमांकाचा फॉर्म भरावा लागतो. त्यावरची तुमची सही म्हणजे शपथेसारखी असते. गांजा तुमच्या राज्यात कायदेशीर असला तरी संघराज्याच्या दृष्टीने तो नाही, असा इशाराही त्याच फॉर्मवर छापलेला आहे. दुकानदार माहिती एफबीआयच्या यंत्रणेत टाकतो आणि बहुतेकांचे उत्तर काही मिनिटांत येते.

डॉक्टरसाहेब, तुमचा मुद्दा मी टाळणार नाही. मित्राशी बोलून ठेवण्याची सूचना मला मान्य आहे आणि मी तसे करणार आहे. पण ताईंनी ज्याचा उल्लेख केला नाही, त्या रेड फ्लॅग कायद्यांविषयी मला गंभीर चिंता आहे. वीसहून अधिक राज्यांत नातेवाईक किंवा पोलीस न्यायालयात अर्ज करतात आणि ज्याच्याविरुद्ध अर्ज आहे त्याला न ऐकताच त्याची शस्त्रे जप्त होऊ शकतात. घटस्फोटाच्या भांडणात कोणी त्याचा दुरुपयोग केला तर? ज्याने कोणताही गुन्हा केलेला नाही, त्याचा घटनात्मक हक्क एकतर्फी सुनावणीत जावा हे मला धोकादायक वाटते. आणि ज्याला शस्त्रे जातील अशी भीती आहे तो मदत मागायलाच जाणार नाही, हा परिणामही डॉक्टरांनी विचारात घ्यावा.

डेन्व्हरवासी (धागाकर्ती)

सर्वांचे आभार. चर्चा इतक्या संयमाने झाली याचे समाधान वाटते. ह्यूस्टनकर यांच्या दोन आक्षेपांना उत्तर देते.

धमकी आलेल्या बाईचा प्रश्न खरा आहे आणि थांबण्याच्या नियमात तिच्यासाठी सवलत असावी असे माझेही मत आहे. मात्र त्याच बाईच्या जिवाला सर्वांत मोठा धोका बहुधा तिच्या जोडीदाराच्या हातातल्या बंदुकीपासून असतो. कॅसल रॉकमध्येही गोळ्या बापानेच झाडल्या होत्या आणि त्याने ती बंदूक त्याच संध्याकाळी, मनाई हुकूम असताना विकत घेतली होती. तुम्ही तो खटला पोलिसांच्या जबाबदारीसाठी दिलात. मला त्यात तीन दिवसांच्या नियमाचे याहून स्पष्ट समर्थन दुसरे दिसत नाही.

रेड फ्लॅग कायद्याविषयी तुमची भीती मी निराधार म्हणणार नाही. इथे २०१९ मध्ये हा कायदा झाला तेव्हा राज्यातल्या निम्म्याहून अधिक काउंटींनी (जिल्ह्यांनी) त्याविरुद्ध ठराव केले आणि काही शेरीफ, म्हणजे काउंटीचे पोलीस प्रमुख, उघडपणे विरोधात गेले. पण कायद्याची रचना पाहावी. एकतर्फी आदेश जास्तीत जास्त १४ दिवसांचा असतो. त्या मुदतीत पूर्ण सुनावणी घ्यावी लागते, धोका असल्याचा स्पष्ट आणि खात्रीलायक पुरावा अर्जदाराने द्यायचा असतो, आणि ज्याच्याविरुद्ध अर्ज आहे त्याला राज्याच्या खर्चाने वकील मिळतो. आदेश निघाला तरी तो ३६४ दिवसांचा असतो आणि मध्ये एकदा तो उठवण्याची मागणी करता येते. रहिमी निकालातला "तात्पुरते" हा आधार इथे पुरेपूर लागू पडतो. मदत मागायला माणूस घाबरेल हा मुद्दा मात्र मला अस्वस्थ करतो, आणि म्हणूनच मला कायद्याहून दुकानांवर जास्त भरवसा वाटतो. २००९ मध्ये न्यू हॅम्पशायरमध्ये एका आठवड्याच्या आत तीन जणांनी एकाच दुकानातून बंदूक घेऊन काही तासांत जीव दिला. तो दुकानदार हादरला. त्याने आणि सार्वजनिक आरोग्याच्या लोकांनी मिळून दुकानांसाठी एक उपक्रम सुरू केला: अडचणीत दिसणारे गिऱ्हाईक कसे ओळखावे, त्याला विक्री कशी नाकारावी, आणि मित्राची बंदूक काही दिवस आपल्याकडे ठेवून घेण्याविषयी भिंतीवर एक पत्रक. बंदूक विकणाऱ्याच्या तोंडून आलेली ही सूचना गिऱ्हाईक ऐकून घेते. माझ्या तोंडून आली तर ऐकणार नाही. अनेक राज्यांत हा उपक्रम पोचला आहे, कोलोराडोतही.

मिशिगनमधल्या ऑक्सफर्ड शाळेच्या प्रकरणात २०२४ मध्ये हल्लेखोर मुलाच्या आईवडिलांना सदोष मनुष्यवधासाठी शिक्षा झाली, तेव्हापासून आमच्या शाळेतले पालक कुलपाविषयी अधिक मोकळेपणाने बोलू लागले आहेत. कॅलिफोर्नियात शाळांनी दरवर्षी पालकांना बंदूक सुरक्षित ठेवण्याच्या कायद्याची लेखी सूचना देणे बंधनकारक आहे. तसे पत्र आमच्या शाळामंडळानेही स्वतःहून काढावे, अशी विनंती मी काही पालकांसह तयार करते आहे. त्या पत्राचा मसुदा इथे टाकते. ह्यूस्टनकर, तुम्ही तो बंदूकधारक म्हणून वाचावा आणि जिथे उपदेश वाटेल किंवा संशय घेतल्यासारखे वाटेल तिथे खूण करावी. कायदाअभ्यासक यांनी कायद्याचे वाक्य तपासावे. शाळामंडळाची बैठक पुढच्या महिन्यात आहे, त्यामुळे या आठवड्यात सूचना मिळाल्या तर बरे होईल.

ह्यूस्टनकर

मसुदा टाका, जरूर वाचतो. एक सूचना आताच करतो: पत्राची सुरुवात आकडेवारीने करू नका. बंदूकधारक पालक आधीच काय करत आहेत, याची दखल पहिल्या परिच्छेदात घ्या आणि कुलूप मोफत कोठे मिळते ते लगेच त्याखाली लिहा. बऱ्याच शेरीफ कार्यालयांत ती केबलची कुलपे मागितल्यावर विनामूल्य देतात. तुमच्या काउंटीत मिळतात का ते विचारून घ्या.